म्चुनू सरांचं खालचं हँडल

म्चुनू सरांची मोटरसायकल गॅरेजमध्ये राहायची आणि तिचे सुटे भाग स्वयंपाकघरात. साखरेच्या डब्यामागे कार्बोरेटरच्या सुया, फ्रीजवर जुनं मडगार्ड आणि मक्याच्या पिठाच्या पोत्याआड एक सायलेन्सर. तो सायलेन्सर गाडीला बसत नव्हता आणि सरांना टाकवत नव्हता. सरांच्या बायकोला, म्हणजे मा-दलोमोंना, एकदा वालाच्या भाजीत स्प्रिंग सापडली. त्यांनी ती काढून धुतली, पुसली आणि सरांच्या ताटात लोणच्यासारखी वाढली.

"अहो नोमाचे बाबा, तुमच्या सवतीचं काहीतरी माझ्या पातेल्यात पडलं होतं," त्या म्हणाल्या.

सरांनी स्प्रिंग उजेडात धरली. "अरे वा! ही मी सगळीकडे शोधत होतो!"

गाडी एकोणनव्वद सालची, जपानी, साडेसातशे सीसीची, लाल-पांढरी. सर दक्षिण आफ्रिकेतल्या हॅमर्सडेलच्या हायस्कुलात उपमुख्याध्यापक होते. पोरं त्यांना घाबरत ती त्यांच्या उभं राहण्याला. चर्चचं गायनपथक बसवता बसवता सरांची पाठ काठी गिळल्यासारखी ताठ झाली होती. छाती पुढे, हनुवटी वर आणि नजर समोरच्याच्या डोक्यावरून थेट पलीकडच्या डोंगरावर. या माणसाला शिंक आली तरी तो ती सरळ उभा राहून देतो, असं शिक्षकांच्या खोलीत म्हणत.

रविवारी मात्र हा माणूस विरघळायचा. गायन आटोपलं की सर पाद्रीबाबांच्या आधी चर्चबाहेर पडत आणि डोंगरकडेच्या वळणांच्या रस्त्यावर जात. तिथे चहाच्या एका टपरीपाशी जुन्या स्पोर्ट गाड्यांची मंडळी जमायची. सगळ्यांच्या गाड्या तिशीच्या पुढच्या आणि मालक पन्नाशीच्या. चहा एक कप आणि चर्चा दोन तास. कुणी कुठला फिल्टर बसवला, कुणी मागची शेपटी किती कापली, कुणाच्या आवाजानं कुणाच्या कोंबड्यांनी अंडी द्यायची सोडली.

त्या मंडळीत डर्बनचा एक दातांचा डॉक्टर होता. एका रविवारी तो शर्यतीच्या गाडीसारखं खाली घेतलेलं हँडल लावून आला. तो टाकीवर असा काही आडवा झाला होता, की बाण सुटायच्या बेतात आहे असं वाटावं. त्या दिवसापासून म्चुनू सरांचं जेवणावरचं लक्ष उडालं.

पीटरमारित्झबर्गला पेरुमाल नावाचा मेकॅनिक होता. सर तडक त्याच्याकडे गेले.

"पेरुमाल, मलाही तस्संच हँडल पाहिजे."

"सर, तुमचं वय काय?"

"माझं कशाला विचारतोस? हँडल गाडीला लावायचंय, गाडीचं वय विचार."

"गाडीला पाठ नाही, सर."

"मलाही नाही. आजवर कधी जाणवली नाही."

"जाणवेल," पेरुमाल म्हणाला आणि पाना उचलला. गिऱ्हाइकाला शहाणं करणं हा त्याचा धंदा नव्हता.

हँडल टाकीच्याही खाली गेलं. फूटरेस्ट वर आणि मागे गेले. हात लागलाच आहे तर वजनही कमी करू, असं म्हणत सरांनी साइड स्टँड काढायला लावला. घरी मागचं चाक उचलून धरणारी लोखंडी घोडी होतीच, मग रस्त्यावर स्टँड कशाला?

"अर्धा किलो वजन कमी झालं गाडीचं," सरांनी घरी येऊन सांगितलं.

मा-दलोमोंनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं. "एवढंच होतं तर रविवारचा केक सोडायचा. अख्खं चाक वाचलं असतं."

हे झालं शुक्रवारी. आणि शनिवारी सकाळी ग्रेटाउनला जायचं होतं, पुतण्याची सोयरीक जुळवायला.

पुतण्या मोंडली. त्याचे वडील लहानपणीच गेलेले, तेव्हा बोलणी करायला जाणं काकांचं काम. मुलगी झिबुयिले, ग्रेटाउनच्या फिनियास झोंडींची एकुलती एक. पोरं एकमेकांना पसंत होती, दोन्हीकडच्या बायकांनी मनातल्या मनात केकसुद्धा ठरवला होता. पण पहिल्या बोलणीच्या वेळी म्चुनू सर झोंडींच्या बैठकीत नेहमीसारखे उभे राहिले. हनुवटी वर, नजर छताला. झोंडी तिथेच भडकले. मागणं घालायला आलेला माणूस आमच्या घरात आभाळ बघतो? त्यांनी सगळ्या भाऊबंदांसमोर जाहीर केलं, "म्चुनूंची मान वाकल्याशिवाय माझी मुलगी त्या घरात जाणार नाही!"

महिने गेले. बऱ्याच मिनतवारीनं झोंडींनी पुन्हा या असा निरोप धाडला. सोबत हेही कळवलं, की तिसऱ्यांदा फाटक उघडणार नाही.

"काका, पाया पडतो तुमच्या," मोंडली शुक्रवारी रात्रीपर्यंत फोनवर विनवत होता. "एकदाच वाका. थोडंसं. मानेपुरतं."

"अरे, मी मुद्दाम करत नाही. माझी ठेवणच तशी आहे."

"मग ठेवण घरी ठेवून या!"

शनिवारी पहाटे चुलतभाऊ मुसा पिकअप घेऊन आला. पुढे शेजारचे शेझी आजोबा बसले होते. त्यांना सगळ्या कुळांची मानाची नावं येत, म्हणून अशा कामाला तेच लागत. ऐकू मात्र जरा कमी येई. आजोबांच्या मांडीवर मुलीच्या आजीसाठी घेतलेली घोंगडी होती.

"सरका, दादाला बसू द्या," मुसा म्हणाला.

"बसा तुम्ही आरामात," सर घाईघाईनं म्हणाले. "मी आपला मागून गाडीवर येतो. नवं हँडल जरा रुळवायलाही हवं."

मा-दलोमो दारात उभ्या होत्या. "मागच्या वेळी ताठ उभं राहून सोयरीक घालवलीत. आता काय, पळून घालवणार?"

पण सरांनी हेल्मेट चढवलं होतं. हेल्मेटमध्ये बायकोचं बोलणं ऐकू येत नाही, असं ते नेहमी धरून चालत.

सुरुवातीचा रस्ता म्हणजे नुसतं सुख. जुलै म्हणजे इकडे हिवाळा, कडाक्याची थंडी, दोन्ही बाजूंना ऊस आणि सर टाकीला छाती चिकटवून वाऱ्याखालून सरकताहेत. पिकअप केव्हाच मागे पडला. लाकडांनी भरलेला एक ट्रक त्यांनी असा ओलांडला, की ड्रायव्हरनं कौतुकानं भोंगा वाजवला. सर हेल्मेटमध्ये चक्क गाऊ लागले, तेही पोरींच्या पट्टीत.

न्यू हॅनोव्हर गेलं आणि सरांना पाठ असल्याचं जाणवलं. आधी खालून एक बारीक कळ आली. मग ती वर सरकली, खांद्यांत पसरली आणि हळूहळू सगळं शांत झालं. सरांना वाटलं, चला, रुळली. ती रुळली नव्हती, थिजली होती.

एका चौरस्त्यावर थांबावं लागलं. सरांनी पाय टेकला आणि अंग ताठ करायला गेले. काहीच झालं नाही. पुन्हा जोर लावला, तर डोळ्यांपुढे काजवे. हात हँडलवर, छाती टाकीवर, हनुवटी स्पीडोमीटरवर. शरीराचा असा पक्का सांगाडा झाला होता, की पेरुमालनंच पाना फिरवून आवळला असावा.

उतरावं, गवतात आडवं व्हावं, हा साधा विचार. पण उतरायचं तर गाडी उभी राहायला हवी आणि स्टँड तर काढून टाकलेला. झाडाला टेकवावी, तर टाकीला महिनाभरापूर्वीच नवा रंग दिलेला. शेजारीच रस्त्याकडेला एक बाई संत्री विकत होती.

"मावशी," सर टाकीला उद्देशून म्हणाले, कारण तोंड तिकडेच होतं. "जरा गाडी धरता का?"

मावशी जवळ आल्या, वाकून त्यांचं तोंड शोधलं आणि म्हणाल्या, "डुलकी लागली असेल तर खाली उतरून झोप रे बाबा. गाडीवर झोपू नये."

"झोपलो नाही, मावशी. अडकलोय."

"कशात?"

हा प्रश्न योग्य होता, पण त्याचं उत्तर लांबलचक होतं. एवढ्यात मागून बस आली, तिनं हॉर्न दिला आणि सर क्लच सोडून निघाले. आता एकच मार्ग होता. पोहोचायचं.

झोंडींचं घर गावाबाहेर टेकडीवर, अरुंद वाटेच्या टोकाला होतं. वळण घेताना सरांना खालच्या हँडलचा आणखी एक गुण कळला. पूर्ण वळवलं की अंगठा हँडल आणि टाकीच्या मध्ये चेंगरतो. डावीकडे वळले, "आई गं!" उजवीकडे वळले, "आई गं!" असे दोन्ही आयांना हाका मारत ते फाटकापाशी पोहोचले. संत्रीवालीपाशी वेळ गेल्यानं पिकअप आधीच येऊन उभा होता.

"उतर की दादा," मुसा म्हणाला.

"उतरता येत नाही. आधी गाडी धर. पाठ धरलीय."

"काय म्हणतोय झेबलॉन?" शेझी आजोबांनी सरांना त्यांच्या पहिल्या नावानं संबोधत विचारलं.

मुसानं त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "पाठ! पाठ!"

"पाठ आहे की!" आजोबा दुखावले. "तोंडपाठ आहे सगळं! माझ्यावर शंका घेता?" आणि लगेच फाटकाला तोंड करून त्यांनी झोंडींच्या कुळाचं मानाचं नाव घेत खणखणीत आवाजात सुरुवात केली, "झोंडी! नोंदाबा! थोरामोठ्यांच्या लेकरांनो! आम्ही आलोय, तुमच्या अंगणातलं एक फूल मागायला आलोय!"

झालं. एकदा हाळी दिली की फाटक उघडेपर्यंत हलायचं नाही, हा रिवाज. आणि मुलीकडच्यांनी लगेच उघडायचं नाही, हाही रिवाजच. आजोबा पूर्वजांची नावं घेत होते, मुसा हँडल धरून उभा होता आणि म्चुनू सर गाडीवर पालथे. खालून इंजिनची धग लागत होती तेवढाच दिलासा.

"दादा, तूही ओरड. तू मुख्य माणूस."

"नोंदाबाऽऽ!" सर टाकीत ओरडले. टाकी अर्धी रिकामी होती, त्यामुळे आवाज छान घुमला.

शेवटी घरातून कुणीतरी 'या' म्हणालं. आता सरांना सोडवायचं काम. मुसानं एक एक बोट हँडलवरून उपटलं.

"हळू! हळू! मेलो!"

"कुठे लागलं?"

"मला नाही रे, टाकीला! तुझ्या पट्ट्याचं बक्कल टाकीला घासतंय!"

अखेर मुसाचा कोट मध्ये घालून गाडी फाटकाच्या खांबाला टेकवली आणि सर जमिनीवर आले. आले, म्हणजे पाय आले. वरचं अंग गाडीवर होतं तसंच. कंबरेत काटकोन, दोन्ही हात पुढे, मुठी किंचित आवळलेल्या. मोटरसायकल काढून घेतल्यावर तिच्यावरचा माणूस जसा उरेल, तसे सर झोंडींच्या अंगणातून चालत निघाले.

आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं. "शाब्बास! पण एवढं नको रे वाकूस. म्हातारा मी आहे."

बैठकीत सरांना फक्त पायच दिसत होते. चटईवर बसवल्यावरही काटकोन सुटला नाही, उलट कपाळ जमिनीच्या आणखी जवळ गेलं. त्यांच्या हिशेबानं चकचकीत तपकिरी बूट म्हणजे कुणीतरी भाऊबंद. निळ्या सपाता म्हणजे आजी. पांढरे, दवाखान्यातले वाटावे असे बूट कुणा बाईचे. आणि चिखलाचे गमबूट? ते मधोमध, पुढे पसरलेले होते. एवढ्या ऐटीत पसरलेले पाय यजमानाचेच असणार, असं समजून सर गमबुटांना म्हणाले, "आपला मोठेपणा म्हणून आम्हाला पुन्हा बोलावलंत."

ते गमबूट झोंडींचे थोरले भाऊ एनॉक यांचे होते. मान वाकल्याशिवाय मुलगी द्यायची नाही, या घोषणेवर तेव्हा सगळ्यात जोरात मान डोलावली होती ती यांनीच. आजवर या घरात कुणी आधी त्यांच्याशी बोललं नव्हतं. ते एकदम फुलले.

"फिनियास, बघ! थोरला कोण ते याला बरोबर कळतं!"

तपकिरी बूट जरा चुळबुळले. "मागच्या वेळी," झोंडींचा आवाज आला, "आपण आमच्या छताला काय शोधत होतात?"

"नोंदाबा," सर जमिनीशी म्हणाले, "छताचं मला आज काही विचारू नका. आज मला तुमच्या घरातली फक्त जमीन दिसतेय."

बैठकीत 'हंऽऽऽ' असा दीर्घ सूर उमटला. गायनपथकाला सरांनी वर्षानुवर्षं शिकवूनही एवढा एकसुरी हुंकार कधी निघाला नव्हता.

"पुरे झालं, माचिंग्वाने," झोंडी म्हणाले. म्चुनूंना त्यांच्या कुळाच्या मानाच्या नावानं त्यांनी हाक मारली होती, म्हणजे वारं फिरलं होतं. "मान वर करा आता."

सरांनी मनापासून प्रयत्न केला. कळ टाचेपर्यंत गेली. "नाही होत, नोंदाबा! खरंच नाही होत!"

"ऐकलंत?" एनॉक गरजले. "सांगूनसुद्धा होत नाही म्हणतो! आवाज बघा कसा भरून आलाय! याला म्हणतात आदर! आपली पोरं कधी शिकणार हे?"

आजी नाक पुसू लागल्या. मुसाही तोंडावर रुमाल धरून थरथरत होता, आणि तेही रडणंच समजलं गेलं.

मग आपसात बोलायचं म्हणून झोंडी मंडळींनी पाहुण्यांना क्षणभर मोकळं केलं. पांढरे बूट सरांजवळ आले. "या, तुम्ही माझ्याबरोबर स्वयंपाकघरात. चहा घ्या." या मुलीच्या आत्या, थेम्बेनी. गावच्या दवाखान्यात सिस्टर. दार लावून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं,

"हँडल खाली घेतलंत ना?"

सरांना जमिनीकडे बघता बघता भडभडून आलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"दर सोमवारी एक तरी येतो तुमच्यासारखा. परवा डर्बनच्या एका दातांच्या डॉक्टरला खुर्चीसकट आणला होता. पालथे पडा त्या पोत्यावर."

सर मक्याच्या पोत्यावर पालथे झाले. थेम्बेनीआत्यांनी बूट काढले, बाह्या सरसावल्या, गुडघा सरांच्या कंबरेत रोवला आणि दोन्ही खांदे धरून मागे ओढलं. कडाड! भिंतीवरचा झारा हुकावरून खाली पडला.

सर उठले. उभे राहिले. छत दिसलं. खिडकी दिसली. आत्यांचं तोंड दिसलं, आणि ते चांगलं हसरं निघालं. "सिस्टर! देव भलं करो तुमचं! मी सरळ झालो!"

"झालात खरे," आत्या म्हणाल्या. "आणि आता आत कसे जाणार?"

सरांचा चेहरा उतरला. भिंतीपलीकडून एनॉकचा आवाज येत होता, "मी म्हणतो, एवढा लीन माणूस अख्ख्या जिल्ह्यात नाही! माझं मत मुलगी द्यावी. पण त्याला परत येऊ दे, पुन्हा एकदा बघू."

सरांनी दाराकडे पाहिलं. मोंडलीचा रडवेला आवाज आठवला. मग या माणसानं आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं. आपण होऊन वाकला.

"एवढं पुरे?"

"मघाशी याहून खाली होतात."

"आता?"

"हात विसरलात. हात पुढे. हं, मुठी. आता जा."

खरं वाकणं सोपं होतं, ते आपोआप होत होतं. खोटं वाकणं म्हणजे छळ. बैठकीत शिरेपर्यंत सरांच्या मांड्या कापू लागल्या. त्यातच नजर चुकून वर गेली आणि झोंडींचा चेहरा दिसला. सरांनी घाबरून मान खाली घातली, ती थोडी जास्तच.

शेझी आजोबांचे कान गेले होते, पण डोळे शाबूत होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "झेबलॉन, आता जरा सैल वाटतोस की रे!"

सगळे सरांकडे निरखून बघू लागले. मुसानं डोळे मिटले.

"चहा मिळाला ना," थेम्बेनीआत्या मागून शांतपणे म्हणाल्या. "या घरचा चहा प्यायला की माणसाला धीर येतो."

एनॉक खूश होऊन हसले, आजी हसल्या आणि झोंडींनी घसा खाकरला. "माचिंग्वाने," ते म्हणाले, "मुलगी तुमची."

बाहेर पोरीबाळींनी असा चीत्कार केला, की कुत्री भुंकायला लागली. मुलीसाठी मुलाकडच्यांनी द्यायच्या गाईंचं बोलणं हसतखेळत झालं, आजींना घोंगडी मिळाली आणि मोंडलीचा फोन इतक्या वेळा आला, की शेवटी मुसानं तो बैठकीतच घेतला. निघताना अख्खं झोंडी घराणं फाटकापर्यंत पोचवायला आलं. त्यामुळे सरांना अंगणभर वाकून चालावं लागलं आणि वाकूनच गाडीवर चढावं लागलं. ते दृश्य पाहून एनॉक म्हणाले, "बघा, गाडीवरसुद्धा विनम्र!"

पहिलं वळण ओलांडल्यावर सरांनी मुसाला गाडी धरायला लावली, उतरले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्ही हात आभाळाकडे पसरले. उरलेला रस्ता ते पिकअपमध्ये बसून आले आणि मोटरसायकल मागच्या हौद्यात दोरांनी बांधून. सोमवारीच पेरुमालनं जुनं हँडल परत लावलं. ते त्यानं फडक्यात गुंडाळून हाताशीच ठेवलं होतं. "आणि स्टँड?" त्यानं विचारलं. "एक का, दोन्ही बाजूंना लाव," सर म्हणाले.

पण घरातलं प्रकरण मिटलं नव्हतं. लग्न डिसेंबरात. तोवर झोंडींकडे जाणं-येणं होणारच, आणि लीन माणूस एकाएकी ताठ कसा होणार? मा-दलोमोंनी रीतसर तालीम सुरू केली. आयुष्यभर गायनपथकाला शिकवणारे सर आता बायकोसमोर उभे राहत आणि त्या डाव हातात घेऊन सूचना देत.

"खाली. अजून. हां... आता फार झालं, कुळीथ निवडायला बसल्यासारखे दिसताय. नमस्कार करताना दात दाखवू नका. आणि देवाशपथ सांगते, इतकी वर्षं झाली लग्नाला, असे वाकलेले छान दिसता हो!"

झोंडींकडे जायचं की सर शंभर पावलं आधीपासून वाकत. एकदा पीटरमारित्झबर्गच्या बाजारात एनॉक अचानक समोर आले, तेव्हा सर टोमॅटोच्या ढिगासमोर असे काही झुकले, की भाजीवाल्यानं गहिवरून एक जास्तीचा टोमॅटो घातला.

लग्नाचा दिवस उजाडला. ग्रेटाउनला मोठा मंडप, ढोल, नाच, दोन बैल कापलेले, बायकांच्या आरोळ्या. मोंडली आणि झिबुयिले एकमेकांकडे बघून नुसते हसत होते. म्चुनू सर सकाळपासून वाकलेले. पाहुण्यांची रांग नवऱ्यामुलाच्या काकाला भेटायला येत होती आणि सर प्रत्येकाच्या बुटांची विचारपूस करत होते. दुपारपर्यंत पाठीतून तीच जुनी बारीक कळ येऊ लागली. या वेळी तिला हँडलही कारण नव्हतं.

तेवढ्यात तपकिरी बूट शेजारी येऊन उभे राहिले. झोंडी खाली वाकले, थेट सरांच्या कानापर्यंत, आणि कुजबुजले, "माचिंग्वाने, पाठ कशी आहे?"

सरांनी मान आणखी खाली घातली. "पाठ? कुठली पाठ?"

"तीच, जी माझ्या बहिणीनं पोत्यावर मोडली. भिंत पातळ आहे आमची. आणि त्याच्याही आधी खिडकीतून पाहिलं होतं मी. आदरानं वाकलेला माणूस 'टाकीला घासतंय' म्हणून ओरडत नाही."

"म्हणजे... तुम्हाला पहिल्यापासून... मग हो कसं म्हणालात?"

झोंडींनी आजूबाजूला पाहिलं आणि आणखी खाली वाकले. "रागाच्या भरात भाऊबंदांसमोर बोलून बसलो होतो, मान वाकल्याशिवाय देणार नाही म्हणून. त्या दिवसापासून पोरगी माझ्याशी बोलेना. आई बोलेना. घरात मला चहा मिळेना, माचिंग्वाने! शब्द मागे घ्यावा तर एनॉकदादा जन्मभर टोमणे मारणार. मी असा अडकलो होतो, की तुमची पाठ परवडली. तेवढ्यात तुम्ही फाटकावर अवतरलात, काटकोनात. मी आत उभा राहून देवाचे आभार मानले."

सरांना हसू फुटलं. ते दाबायला गेले, तर खांदे हलू लागले. झोंडींचेही हलू लागले. दोघं व्याही, दोघांचीही मान जमिनीकडे, कपाळाला कपाळ भिडेल अशा अंतरावर, आवाज न करता गदगदा हसत होते.

"आता तरी सरळ होऊ का?" सरांनी डोळे पुसत विचारलं.

"थांबा हो! दादा रांगेत उभा आहे. केक खाल्ला की तो झोपायला जातो. तोवर कळ काढा."

"मग तुम्ही तरी सरळ व्हा."

"मला," झोंडी जरा चाचरत म्हणाले, "उठता येईलसं वाटत नाही. हसताना काहीतरी झालं."

मा-दलोमो लांबून हे सगळं बघत होत्या. दोन घरचे कर्ते पुरुष भर मांडवात जमिनीला नाक लावून उभे आहेत, हे त्यांना बरं दिसेना. त्या जवळ आल्या. "अहो, तुम्ही दोघं काय शोधताय?"

झोंडी खालूनच म्हणाले, "एनॉकदादाचा चष्मा."

"अगं बाई, चष्मा पडला!" मा-दलोमो ओरडल्या, आणि ओरडण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. रांगेतले पहिले चार पाहुणे पटकन खाली वाकले. त्यांच्या मागचे आठ वाकले. करवल्यांनी घागरे गोळा करून टेबलांखाली डोकी घातली, शेझी आजोबा "काय हरवलं?" असं विचारत गुडघ्यांवर आले, ढोलवाल्यानं ढोल बाजूला सारला. आणि या सगळ्यांच्या पुढे, नाकावरचा चष्मा एका बोटानं नीट बसवत, स्वतः एनॉकदादा चटयांखाली शोधू लागले.

म्चुनू सरांनी हळूच इकडे-तिकडे पाहिलं. अख्ख्या मंडपात एकही मान वर नव्हती. मग त्यांनी दोन्ही हात कंबरेवर ठेवले, दीर्घ श्वास घेतला आणि सावकाश, अगदी मजेत, पाठ सरळ केली.